नावेतली दोघं

फ्लॉपी ड्राइव्हमधून स्पिरिटचा कापूस फिरवून पितांबरने बाहेर काढला, तर तो लाल. चिमटीत चोळून पाहिलं. कुंकू होतं.

तेवढ्यात लताबाई चहा घेऊन आल्या. त्याने कापूस मुठीत दाबला.

"बठ्ठं निघेल ना हो, भाऊ?"

"सगळं निघेल की, वहिनी."

दीपनगरच्या त्या क्वार्टरमध्ये टेबलावर दोन कॉम्प्युटर शेजारी शेजारी मांडले होते. टीव्हीला जोडलेला देवचंदचा जुना, आणि पितांबरने स्वतःच्या घरून आणलेला नवा. मधे एक वायर. जुना हल्ली तापून बंद पडायचा. तो कायमचा मिटायच्या आत फ्लॉपीवरचं सगळं जसंच्या तसं नव्यात उतरवायचं होतं. देवचंद म्हणजे लताबाईंचा नवरा, पितांबरचा पॉवर स्टेशनमधला जोडीदार. तो गेला, आणि त्याच्या हातचं हे एवढंच उरलं: फ्लॉपीतलं एक हलतं चित्र. भडगावची गिरणा, पलीकडे लताबाईंचं माहेर, नावेत दोघं. एरवी गुडघाभर पाण्याची नदी, पण बायकोच्या हौसेखातर पठ्ठ्याने तिच्यात नाव घातली होती. नाव पलीकडे लागायची, बाई उतरायची आणि गडी एकटाच परत फिरायचा. "सुटलो बुवा," म्हणून देवचंद दर वेळी हसायचा.

"मी पूजा कधी चुकवली नाही," लताबाई म्हणाल्या. "दर दसऱ्याला त्यांच्या वस्तूंना हळदकुंकू लावते. मशीन म्हणजे नुसता डबा, जीव तर या फ्लॉपीत. म्हणून हिचा पत्रा सरकवून खिडकीत आतपर्यंत बोट टेकवते."

पितांबर खाली वाकून उगाच वायर चाचपत बसला.

दुपारभर ड्राइव्ह खरखरत राहिला. एका जागी अडला तो अडलाच. शेवटी तेवढा भाग सोडून बाकीचं आलं. नव्या पडद्यावर गिरणा उमटली, निळं पाणी हलायला लागलं, नाव निघाली आणि मधोमध थांबली. पाणी मात्र वाहत राहिलं.

"बुरशी लागली होती, वहिनी. तेवढं गेलं."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

दसऱ्याला पितांबर सोनं द्यायला आला. यंदा जुन्या मशीनवर कुंकू नव्हतं, फ्लॉपीवरही नव्हतं. ते टेबलाच्या पायाला लावलेलं होतं. त्याने तिथेच राहू दिलेल्या नव्या कॉम्प्युटरवर चित्र चालू होतं.

लताबाईंनी आपट्याची पानं घेतली.

"भाऊ, कापसावरची बुरशी लाल असते का हो?"

पितांबरने मान खाली घातली. "जळगावला दुसरा ड्राइव्ह मिळतोय, वहिनी. पुन्हा बघू. राहिलेलं निघेलही."

लताबाईंनी पडद्याकडे पाहिलं. दोघं नावेत बसलेली होती.

"नको," त्या म्हणाल्या. "असू द्या तसंच. निदान इथं तरी ते एकटे गेले नाहीत."