आखाजीच्या घागरीचं साल

"नवी नवरीना काय भरोसा? आज शे, सकाय नही. आते यानंतर पोऱ्याच ठेवसू."

आबा हे अक्कांशी बोलले, पण ऐकलं आम्ही दोघींनी. एक मी आणि दुसरी ती नवी नवरी, प्रज्ञा. ती खताच्या थप्पीआड माझ्याजवळ उभी होती, हातात भरलेला ग्लास धरून. पाणी तिने प्यायलंच नाही. ग्लास माझ्या झाकणावर हळूच ठेवला, साखळी वाजू नये म्हणून, आणि बिलं करायला परत गेली.

त्या दुपारी ती आबांना काहीतरी सांगायला निघाली होती. मला ते कळलं होतं. अवघड बोलायला निघालेली माणसं आधी माझ्यापाशी थांबतात.

मी घागर बोलतेय. मातीची, काळपट लाल, एका बाजूला जरा जास्त फुगलेली. जळगावात बन्सीलाल आबांचं बियाण्यांचं आणि खतांचं दुकान आहे. त्याच्या मागच्या बोळात, गोदामाच्या दाराशी, लोखंडी तिवईवर वर्षभर माझी जागा. माझ्या ग्लासाला साखळी आहे. आबांचा माणसांवर विश्वास आहे, ग्लासांच्या बाबतीत मात्र ते सावध असतात.

माझी माती गिरणाकाठची. पाचोऱ्याजवळच्या एका गावात धुरपदाबाईंनी ती तुडवली, त्यांच्या नवऱ्याने चाकावर फिरवली, आणि पुन्हा बाईंनीच थापटून थापटून माझं पोट वाढवलं. बाजारात मला किती जणींनी उचललं! बोटाने वाजवलं, उन्हाकडे धरून आत डोकावलं, तडा शोधला, आणि 'बघते, सांगते' म्हणत खाली ठेवलं. पुढे एकदा प्रज्ञा आपल्याला बघायला आलेल्या मंडळींची हकिगत फोनवर मैत्रिणीला सांगत होती, तेव्हा मला मनातल्या मनात हसू आलं. दोघींची कथा सारखीच.

शेवटी मला आबांनी घेतलं, आखाजीसाठी. अक्षय तृतीयेला आमच्या खानदेशात घरोघर नवी घागर भरतात, तिच्या तोंडावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, गेलेल्यांच्या नावाने पाणी देतात. आबांच्या दुकानात त्याला आणखी एक जोड आहे. आबांचे वडील सालदार होते. सालदाराचं साल आखाजीला सुरू व्हायचं आणि आखाजीला संपायचं. इथेच राहायचं की दुसरा मालक बघायचा, ते त्या दिवशी ठरायचं. आबा स्वतः मालक झाले तरी ही रीत त्यांनी सोडली नाही. आखाजीच्या सकाळी दुकानातलं प्रत्येक माणूस नव्या घागरीत तांब्याभर पाणी ओततं. ओतलं की साल बांधलं. कागद नाही, सही नाही. ज्याला जायचं असेल त्याने ओतायचं नाही, एवढंच.

यातली गंमत अशी की न ओतता उभं राहिलेलं माणूस आजवर कुणी पाहिलेलं नाही. जाणारे सगळे ओतून गेले. मग ऐन पावसाळ्यात कुणाची पाठ धरली, कुणाचा मामा वारला, कुणाचा फोनच लागेनासा झाला. खरं कारण सांगून दुकान सोडलेलं माणूस लोटनभाऊंना आठवत नाही, आणि लोटनभाऊ तर हे गोदाम सांभाळता सांभाळता म्हातारे झालेत.

मी आले त्या आखाजीला प्रज्ञाने पहिल्यांदा पाणी ओतलं. तेव्हा तिचं लग्न व्हायचं होतं. ती बौद्ध घरातली. तिने मला हात जोडले नाहीत, आणि आबांनीही त्याचं काही मनाला लावून घेतलं नाही. त्यांना शब्द हवा होता, तो मिळाला. सगळ्यांचं पाणी माझ्या पोटात एक झालं. त्यातलं कुणाचं कोणतं, हे मलाही सांगता आलं नसतं.

मग माझे चांगले दिवस सुरू झाले. उन्हाळ्यात माझ्याशिवाय कुणाचं पान हलत नसे. जामनेर, पाचोऱ्याकडून आलेले शेतकरी आधी माझ्याकडे यायचे, मग कपाशीच्या बियाण्याची चौकशी. पावसाळ्यात माझी आठवण कमी झाली. थंडीत तर झाकणावर चहाचे कप ठेवू लागले. पाण्याच्या भांड्यावर चहा! पण नव्या जागी आलेल्यांनी लगेच तोंड उघडायचं नसतं, असं प्रज्ञाकडे बघून माझ्याही लक्षात आलं होतं.

ती फारशी बोलायची नाही. बघायची मात्र सगळं. आबा खोटं बोलताना चष्मा पुसतात, हे तिने एकदा लोटनभाऊंना सांगितलं. तेव्हापासून आबांनी चष्मा पुसायला घेतला की लोटनभाऊ तोंड फिरवून खोकतात.

दुकानाची माल वाहायची गाडी, ती लहान चारचाकी, मागच्या बोळात उलटी घालणं म्हणजे एक संकट. ड्रायव्हर आला नाही की सगळे कपाळाला हात लावायचे. एका दुपारी आबा जेवायला गेले असताना प्रज्ञाने ओढणी खोचली, गाडीत बसली आणि गाडी भिंतीला न घासता गोदामाच्या दाराला लावली. आबा परत आले, बघत राहिले.

"लोटन, तू कवय शिकना रे गाडी?"

लोटनभाऊंनी प्रज्ञाकडे पाहिलं. तिने नकारार्थी मान हलवली.

"शिकनू आबा, हयूहयू," लोटनभाऊ म्हणाले, आणि आठवडाभर ड्रायव्हिंगची सीट दिसली की घाबरत राहिले.

ती गाडी शिकली माहेरी, सोनगीरला, कामासाठी जळगावात येण्याआधी. वडील आधारनाना पिकअपवर भाजी धुळ्याच्या बाजारात न्यायचे. किल्ल्याच्या पायथ्याच्या मोकळ्या रस्त्यावर त्यांनी तिला स्टिअरिंगवर बसवलं. मग तिने आईला शिकवलं, दोन काकूंना शिकवलं. "शिकवताना मला बोलता येतं," असं ती नवऱ्याला, राजदीपला, फोनवर म्हणाली होती. राजदीप एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात मशीनवर असतो. जेवणाच्या सुट्टीत त्याचा फोन येतो, आणि ती बोलायला माझ्याजवळ येते. त्यामुळे पुढचं सगळं मला ठाऊक.

धुळ्याच्या एक बाई फक्त बायकांसाठी गाडी शिकवण्याचे वर्ग चालवतात. त्यांना जळगावात दुसरी शाखा काढायची होती, पोळ्यानंतर. शिकवायला बाईच हवी होती. प्रज्ञाने गाडी चालवून दाखवली आणि त्यांनी होकार दिला. हे लग्नाच्या आधीचं. लग्न मध्ये आलं, म्हणून सांगायचं राहिलं. लग्नाची रजा संपवून आल्यावर सांगू, असं तिने ठरवलं. ती आली, ग्लास भरला, आणि आबांचं ते वाक्य तिच्या कानी पडलं.

आता सांगायचं कसं? सांगितलं तर आबा म्हणणार, बघा, मी काय म्हणत होतो! उद्यापासूनच दुसरा माणूस आणतील, आणि पोळ्यापर्यंत ती घरी बसेल. आखाजीला गप्प ओतून पावसाळ्यात निघून जावं, तर बियाण्याच्या रांगेत आबा एकटे पडतील, आणि त्यांचं वाक्य आणखी खरं ठरेल. कोणत्याही दाराने गेली तरी 'नवी नवरी' म्हणूनच जाणार.

"अजून सांगू नको," राजदीप म्हणाला. "आपल्याला सोयीचं असेल तेव्हा सांग."

"आपल्याला सोयीचं म्हणजे त्यांना गैरसोयीचं."

"मग त्यांना सोयीचं असेल तेव्हा."

"तेव्हा आपली गैरसोय."

तेवढ्यात त्याची जेवणाची सुट्टी संपली.

तेव्हापासून ती रोज आबांच्या टेबलाकडे निघायची, वाटेत माझ्यापाशी थांबायची, पाणी प्यायची, आणि परत फिरायची. थोड्या वेळाने पुन्हा. मी एवढी रिकामी कधी होत नव्हते.

हे अक्कांनी पाहिलं. सुनंदाबाई, आबांच्या पत्नी, दुपारी दुकानात येऊन बसतात. त्यांना सगळे अक्का म्हणतात.

"घडी घडी पानी पेस ती," अक्का आबांना म्हणाल्या. "तोंड बी उतरेल शे. माले बठ्ठं समजस."

आणि अक्कांना जे समजलं, ते संध्याकाळपर्यंत गल्लीलाही समजलं.

दुसऱ्या दिवशी प्रज्ञाच्या स्टुलाच्या जागी पाठीची खुर्ची आली. टेबलावर कैरीच्या फोडी, मीठ लावलेल्या. आबा आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले, "पोरी, बियाण्याच्या पिशव्या तू नको उचलू. लोटन शे ना." तिला कळेपर्यंत दोन फोडी खाऊन झाल्या होत्या. कळलं तेव्हा तिसरी तिच्या हातातच राहिली.

फोनवर राजदीप आधी हसला. मग म्हणाला, "बघ, कारण आयतं मिळालं. कुणी रागावणार नाही. उलट ओटी भरून पाठवतील."

"आणि मग बाळ कुठून आणू?"

तो परत हसला. ती हसली नाही. माझ्या अंगावरचं ओलं पोतं तिने उगाच नीट केलं. मला वाटतं, तिला मोह झाला होता. का होऊ नये? एवढी माया, एवढी खुर्ची. फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं तिला छान जमायचं.

मग चैत्रात सविता आली. जामनेरची मुलगी, लग्न होऊन जळगावात आलेली. हातात प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये प्रमाणपत्रं. कृषी पदविका झालेली, औषधांची नावं तोंडपाठ. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"लग्न कधी झालं?"

"मागच्या महिन्यात."

आबांनी चष्मा काढला आणि पुसू लागले. "सध्या जागा नाही."

लोटनभाऊ तोंड फिरवून खोकले नाहीत. सविता बोळातून निघाली, माझ्यापाशी थांबली, ग्लासभर पाणी प्यायली. साखळी आखूड असल्यामुळे तिला वाकावं लागलं. प्रज्ञा खुर्चीवरून बघत होती. त्या पाठीच्या, मऊ खुर्चीवरून.

त्या दिवसापासून तिने कैरी खाल्ली नाही. अक्कांनी त्याचाही अर्थ लावला.

"दुकानमां काय चालस ते माले समजस बेटी," लोटनभाऊ एकदा पोती रचता रचता म्हणाले, "पन तुना मनमां काय शे ते नही समजत. काही शे का?"

"आखाजीला सांगते, भाऊ."

"आखाजीले आजलगून कोनी काहीच सांगेल नही."

आखाजी आली. सकाळीच नवी घागर आली, लाल, घट्ट, वाजवली तर मंदिरातल्या घंटेसारखी नादणारी. मला तिवईवरून उतरवलं. वर्षभरात माझी छिद्रं बुजली होती, पाणी पूर्वीसारखं गार होत नव्हतं. त्याची तक्रार सगळे आपापसांत करत. माझ्याशी कुणी बोललं नाही. मला समोरच्या पायरीवर, कडुलिंबाखाली ठेवलं. आता चिमण्यांसाठी असेन म्हणे. काम वाईट नाही. मला आधी कुणी विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं.

एवढीच माझी विनंती आहे, तुम्हा सगळ्यांना, ज्यांच्या हाताखाली चार माणसं आहेत. जाणाऱ्याला सांगायला थोडी जागा ठेवा. दरवेळी मामा मारायला लावू नका. आणि कुणाची पाठ वळली म्हणून मोठ्याने बोलू नका. बोळात घागरी असतात.

पायरीवरून मला आतलं दिसत होतं. आबांनी ओतलं. लोटनभाऊंनी काठोकाठ तांब्या ओतला. मग प्रज्ञाची पाळी आली आणि अक्का पुढे झाल्या.

"तू बस माय, वाकू नको. तुना नावनं मी टाकस."

अक्कांच्या हातात तांब्या होता. प्रेमाने भरलेला, दुसऱ्याच्या नावाचा. आणखी क्षणभर ती गप्प राहिली असती तर तिचं साल तिच्या वतीने बांधलं गेलं असतं, तिचं बाळ तिच्या वतीने ठरलं होतं तसंच.

प्रज्ञाने तांब्या अक्कांच्या हातून घेतला. नव्या घागरीत ओतू लागली, आणि अर्ध्यावर थांबली. आबांनी मान वर केली. ती उरलेला अर्धा तांब्या घेऊन पायरीवर आली आणि तो माझ्यात ओतला. थोडं पाणी माझ्या बाहेरच सांडलं. तांब्या पालथा धरून ती दारात वळली. आबांचा चेहरा कडक झाला होता, अक्कांचा गोंधळला होता. पुढे काय होईल ते तिला ठाऊक नव्हतं, मलाही नाही. एवढ्या माणसांसमोर, एवढ्या मोठ्याने, ती पहिल्यांदाच बोलली:

"आबा, अक्का, मला दिवस गेलेले नाहीत. मला एक गोष्ट सांगायची होती, म्हणून मी पाणी पीत होते. मी पोळ्यापर्यंत आहे. बियाण्याची सगळी गर्दी मी सांभाळून देईन, म्हणून अर्धा तांब्या ओतला. नंतर मी बायकांना गाडी शिकवायला जाणार, इथेच, जळगावात. तुमची गाडी बोळात मीच लावली होती. आणि त्या दिवशी तुम्ही नव्या नवरीबद्दल बोललात, तेव्हा मी खताच्या थप्पीमागे होते. मी जातेय ती लग्न झालं म्हणून नाही, आबा. माझ्या जागी त्या सविताला बोलवा, आणि तिला काय येतं ते आधी विचारा."