एका शिटावर सुटलेला आटो

मी श्रीमंत नावाच्या डायवरचा आटो बोलतोय. हदगाव ते तामसा चालतो. पयलंच सांगतो, मला राग लई. आन माझा सगळा राग एका गाडीवर हाय. पांढरी, डोक्यावर दिवा, बोंबलत जानारी. ॲम्ब्युलन्स. नाव काढलं तरी माझं इंजन तापतं.

श्रीमंतनं मला घेतला तवा काचेला हार घातला व्हता. त्याचा कायदा एकच. शीट भरल्याबिगर आटो हालवायचा न्हाई. मागं खच्चून, म्होरंबी त्याच्या दोन्ही बाजूला एकेक. कोंबड्या, पोती, लेकरं, सगळं कोंबायचा. बाया भांडायच्या, म्हातारे पान-तंबाखूची चंची काढायचे, हा मधी बसून सगळ्यांची खेचायचा. मला अजून काय पायजे व्हतं?

मंग ते करोनाचं आलं. रस्ता बंद. मला दारातल्या लिंबाखाली हुभा केला. तरी हा रोज येऊन माझी शीट पुसायचा. तेवढ्यात दवाखान्यात त्या पांढरीला डायवर कमी पडले, आन ह्यानं हाव म्हनलं. गेला तिच्याकडं.

लई जळलो मी. मी दारातून हाललो तर पोलीस दांडकं हानायचे, आन तिला सलाम! अख्खा नांदेडचा रोड तिला मोकळा. माझ्या चाकातली हवा गेली, ह्याला पत्ता न्हाई. घरी आला की दारातच आंघोळ. परत आंघोळ. हाताची सालं निघाली तरी धूत राहिला. मला बोटसुदिक लावलं न्हाई.

"दोन घास तरी खावा की," त्याची बायको वर्षाराणी उंबऱ्यातून म्हनायची.

"घशाखाली उतरना."

"मंग माझ्याशी बोला तरी."

हा परत हात धुवायला. मला वाटलं, त्या पांढरीनंच माझ्या मानसावर करनी केली.

रस्ते उघडले. ह्यानं मला धुतला, हवा भरली, स्टँडावर आनला. मी म्हनलं, आता बगा! तर भाजी विकून घरी चाललेली नागुबाई एकटी येऊन बसली. ती बसली आन ह्यानं आटो सोडला. एका शिटावर!

"काय बे श्रीमंत, नवरी पळवून राहिला काय?" मागून शिवमूर्ती आटोवाला वरडला. सगळं स्टँड हासलं. माझी इज्जतच गेली.

रिकामी शीट बघून नागुबाई पाय दुमडून आडवी झाली. ह्यानं आरशात बघितलं. मानूस आडवं, डोळे मिटलेले. ह्यानं रेसची मूठ पिळली ती पिळलीच. हॉर्नवरचं बोट निघंना. खड्डा बघंना, म्हस बघंना. "दम धरा, पोचलोच, दम धरा," नुसतं तेच. त्याचा घाम माझ्या हँडलावर गळत व्हता.

"आरं मुडद्या, थांब!" नागुबाई उठून बसली. "पाठ मोडली माझी! मी मेले न्हाई अजून, कुठं न्हेतुस मला?"

ह्यानं कडंला घेतला. हँडलावर डोकं टेकवून लेकरावानी रडला.

"मावशे, निघताना बोलायचे गं ते ॲम्ब्युलन्समधले पेशंट. पानी मागायचे, लेकीचं नाव घ्यायचे. मंग मधीच गप व्हायचे. मला मागं वळून बघायची हिंमत व्हईना."

"हे बायकूला सांगितलं का?"

"न्हाई. भेल ती."

"ती कवाच भेलीय, येड्या. तुझं तोंड बघून भेलीय."

नागुबाई उतरली आन म्होरं येऊन त्याच्या बाजूला टेकली. "चल. मी बोलते, तू नुसतं हाव म्हन." तामसा येईस्तोवर तिनं सुनेला शिव्या दिल्या. हा हाव हाव करत राहिला.

तवा मला कळलं, त्या पांढरीनं ह्याचं काय ठिवून घेतलं ते. ती लोकाचा जीव वाचवायला पळती, मान्य. पन राग गेला न्हाई. उलट वाढला.

आता वर्षाराणी त्याला नांदेडला मनाच्या डाक्टरकडं न्हेती. गोळ्या चालू हायत. जेवतो. शीटबी भरतो. पन मागून त्या पांढरीची बोंब आली की मला कडंला घेतो, आन ती दिसंनाशी व्हईस्तोवर बघत राहतो. मीबी बघतो. दात खाऊन.

तुमी माझ्यात बसलात तर एक करा. मोबाईलात मुंडकं घालून गप बसू नका. भांडा. हाडं खिळखिळी केली म्हनून मला शिव्या द्या. मागं गप झालं की हा मूठ पिळाया लागतो, आन मला कळतं, हा आता त्या पांढरीत बसलाय.

बोलत ऱ्हावा. मला माझा मानूस माझ्यात पायजे.