राहिलेला कोट

शिंप्याने कपाटातलं सगळ्यात खालचं गाठोडं ओढून काढलं आणि करड्या लोकरी कापडावरची धूळ झटकली. बायकोच्या कोटाचं कापड. आणलं तेव्हा लेक शाळेत होती. आता तिच्याच बाळंतपणाला बायको उद्या सकाळच्या गाडीने निघणार होती आणि तिकडे थंडी मरणाची. म्हणून आज त्याने दुकानाचं दार लोटून घेतलं होतं.

रेडिओवर कोणीतरी कामांच्या अनुशेषाबद्दल संथपणे बोलत होतं.

“अहो, अनुशेष म्हणजे काय हो?” बायकोने आतून विचारलं.

“राहिलेलं काम. करू करू म्हणता साठत गेलेलं.”

“मग सरळ भिजत घोंगडं म्हणा की! ते मला चांगलं कळतं.”

टोमणा बरोबर बसला. गिऱ्हाइकाचं आधी, घरचं मग, हा त्याचा नेम. घरचं माणूस कुठे पळून जातंय!

ती दारात आली. “माप देऊ का?”

“तुझं माप? झोपेतसुद्धा सांगेन.”

ती पिशव्या भरायला आत गेली.

दुपारभर मशीन गुणगुणत राहिलं. इस्त्रीच्या वाफेत, अर्धवट डुलकीत, त्याला ती दिसत होती: दोन्ही हातांत पिशव्या, भरदार खांदे, भरभर पुढे चाललेली, आणि मागून धापा टाकत तो, “अगं, जरा हळू!” ती मागे वळून हसायची. त्याच खांद्यांवर त्याने कोट बेतला, अगदी मन लावून.

उन्हं कलली तेव्हा शेवटचं बटण लागलं. तिने कोट अंगात घातला. खांदे दंडावर उतरले, बाह्यांत बोटं दिसेनाशी झाली. रस्त्यापलीकडच्या माणसाचं माप नजरेने सांगणारा शिंपी तो, नुसता बघत राहिला.

“एवढीशी कधी झालीस गं?”

“तुम्ही मान खाली घालून शिवत होता ना, तेव्हा,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. “असू दे. आत स्वेटर घालीन. उगाच उसवत बसू नका.”

त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने गळ्यातला टेप काढला.

“सरळ उभी राहा.”

ती उभी राहिली. त्याने टेप तिच्या खांद्यावर धरला. चष्मा डोळ्यांवरच होता, तरी आकडे त्याला काही केल्या वाचता येईनात.