पान मधलं, प्रश्न एकच

मित्रांनो, स्पर्धापरीक्षेच्या एका सराव-पुस्तकात, मधल्या पानांवर एक जुना उतारा राहतो. तो मी. माझ्याखाली एकच प्रश्न छापला आहे: ‘उताऱ्याचा मुख्य मुद्दा कोणता?’ आणि त्याचं बरोबर उत्तर ऐकायला माझे कान आसुसले आहेत.

मुळात मी एका लांबलचक लेखाचा तुकडा. पुस्तक तयार करणाऱ्या बाईंनी मागचं-पुढचं कापून मला वेगळा केला आणि जाता जाता माझा मथळाही काढून घेतला. मथळा ठेवला तर प्रश्न काय विचारणार, हे त्यांचं म्हणणं. संपादकांनी मला वाचून मान डोलावली आणि म्हणाले, “चांगला आहे. फसवा आहे.” मला त्याचा फार राग आला. मी कोणालाही फसवत नाही. लोक स्वतःच फसतात आणि पावती माझ्या नावाने फाडतात.

मी दीपस्तंभांविषयी आहे. सुरुवातीला दीपस्तंभ किती जुने ते सांगतो, शेवटी म्हणतो की आता दिवे आपोआप लागतात, दीपरक्षक उरले नाहीत. पण माझा जीव आहे मधे. तिथे मी सांगतो की नुसता उजेड खलाशाच्या फारसा कामाचा नाही. प्रत्येक दिव्याची उघडझाप वेगळी असते आणि तिच्यावरून खलाशाला आपण कोणत्या किनाऱ्याशी आहोत ते कळतं. हे मी चांगलं सरळ शब्दांत सांगितलं आहे. याहून सोपं सांगायचं तर मला चित्र काढावं लागेल.

माझा पहिला मालक वकिलीच्या प्रवेशाची तयारी करणारा होता. महत्त्वाचं तेवढं रंगवायचं म्हणून त्याने पिवळा पेन आणला आणि मला नखशिखांत पिवळा केला. सगळंच महत्त्वाचं, मग महत्त्वाचं काय? नंतर मी एका क्लासमध्ये गेलो. तिथल्या सरांचा मंत्र होता, “पहिलं वाक्य, शेवटचं वाक्य, की उत्तर हातात. मधलं वाचत बसाल तर घड्याळ खाईल.” शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच, पण यांनी शितं उचलली ती भांड्याबाहेर सांडलेली. वर्गातल्या निम्म्यांनी ‘दीपस्तंभ प्राचीन आहेत’ यावर खूण केली. उरलेल्यांनी ‘यंत्रांमुळे माणसांच्या नोकऱ्या जातात’ हा पर्याय धरला, कारण नोकरीची काळजी ज्याच्या त्याच्या डोक्यात होती. रात्रभर रामायण ऐकून सकाळी रामाची सीता कोण असं विचारणारे निदान रात्रभर जागतात तरी. यांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

मग जुन्या पुस्तकांच्या दुकानातून मला मावशीने विकत घेतलं. ती मोठ्या इस्पितळात वॉर्डात मदतनीस होती. अंथरुणं बदलायची, रोग्यांना उठवायचं-बसवायचं, पाणी पाजायचं. सगळा वॉर्ड तिला मावशी म्हणे. तिला परिचारिकेचं शिक्षण घ्यायचं होतं. प्रवेशपरीक्षेत ती दोनदा नापास झाली होती आणि दोन्ही वेळा उताऱ्यांनीच तिचा घात केला होता. वयाची अट पाहता हा शेवटचा प्रयत्न होता. हे कळलं तेव्हा मी ठरवलं, हिला तरी कळलंच पाहिजे.

पण हिची तऱ्हा आणखी निराळी. माझ्यात एक वाक्य आहे: दीपरक्षकाची बायकोही तेलाचे डबे घेऊन उभे जिने चढे. मावशी तिथे पोचली की थांबायची आणि डोळे पुसायची. मग ‘दीपस्तंभांवर स्त्रियांनीही कष्ट उपसले’ या पर्यायावर खूण करायची. खोडायची, पुन्हा वाचायची, पुन्हा तिथेच खूण. खोडरबराने माझा कागद पातळ झाला, पण पालथ्या घड्यावर पाणी.

“या बाईने मला रडवलं, आणि उत्तरात तीच नाही?” ती नवऱ्यावर वैतागली. तो शिंपी होता, घरातच मशीन चालवायचा.

“तुला काय भावलं ते विचारलंय का? त्याला काय म्हणायचंय ते विचारलंय,” तो मशीनवरचा पाय न काढता म्हणाला.

“फार कळतं ना, मग तूच दे परीक्षा.”

“मला कशाला? मी कपडा सांगितलेल्या मापाचा शिवतो, मला आवडेल त्या मापाचा नाही.”

ती दोन दिवस त्याच्याशी धड बोलली नाही. मीही तिच्यावर रुसलो होतो, पण माझ्या रुसण्याने कोणाचं काय अडतं?

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तिने मला वॉर्डात नेलं. ड्यूटी बदलायची वेळ झाली होती. पुढच्या पाळीची मैत्रीण आली आणि पिशवी ठेवता ठेवता म्हणाली, “खिडकीजवळच्या आजोबांचं काय?”

“त्यांना एकटीने उठवू नकोस. तोल जातोय.”

“बाकी?”

“बाकी खूप आहे. नातवाचा फोन आला, खूश आहेत. दुपारी चार घास जास्त जेवले. माझ्याजवळ तासभर बोलत होते, मध्येच रडलेही. पण ते तुला नाही कळलं तरी चालेल. तोल जातोय हे नाही कळलं, तर पडतील.”

मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर मी मावशीच्या पिशवीतून ओरडलो असतो. रोज प्रत्येक खाटेमागे ही बाई मुख्य मुद्दा सांगत होती, आणि माझ्यापाशी आली की अडखळत होती.

पण बोलता बोलता तीच थबकली. स्टुलावर बसली, मला बाहेर काढलं आणि सुरुवातीपासून वाचलं. त्या बाईच्या वाक्यापाशी तिचे डोळे भरले, पण या वेळी ती पुढे गेली. शेवटी मान वर करून म्हणाली, “नुसता उजेड नाही गं. उघडझापेवरून किनारा कोणता ते कळतं.”

“कुणाचं सांगतेस?” मैत्रिणीला काही उमजेना.

“दीपस्तंभाचं. आणि तेल वाहणारी बाई आहेच. पण दिवा कशासाठी होता हेच कळलं नाही, तर ती एवढे जिने चढली ते फुकट गेलं.”

माझ्याखाली योग्य जागी खूण झाली. मला छापल्यापासून पहिल्यांदा. मला रडू आलं असतं, पण कागद आधीच पातळ झाला होता.

परीक्षेहून परतल्यावर नवऱ्याने विचारलं, “उतारा कसला होता?”

“मातीविषयी. पण त्याला काय म्हणायचं होतं ते कळलं मला.”

त्याने मशीन थांबवलं. पुढे निकाल लागला तेव्हा तिच्या गणवेशाचं कापड त्यानेच आणलं आणि अचूक मापाने शिवलं.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. माझ्यावर रंग ओतू नका, माझा शेंडा-बुडखा पाहून पळू नका. रडायचं तर खुशाल रडा, पण रडून झाल्यावर मला काय म्हणायचं होतं तेही विचारा. माणसांशीही असंच वागलात तरी माझी हरकत नाही.

जाण्यापूर्वी मावशीने माझ्यावरच्या सगळ्या खुणा पुसल्या आणि मला वॉर्डातल्या नव्या मदतनीस मुलीच्या हाती दिलं. त्या मुलीने घाईघाईने वाचलं आणि नोकऱ्या जाण्याच्या पर्यायावर ठसठशीत खूण केली. मी कपाळाला हात लावला.

“बरोबर आहे ना, मावशी?”

मावशी पिशवी खांद्याला लावून दारात उभी होती. “मी निघाले,” ती म्हणाली. “आता याची ड्यूटी तुझ्याकडे. याचं काय, ते एका वाक्यात सांग.”

मुलीने मला पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं आणि खोडरबर हातात घेतलं.