परांचीची परीक्षा

जवळा बाजारच्या बाहेर मंगल कार्यालयाचं बांधकाम चालू होतं. दुसऱ्या मजल्यावर उभं राहून काम करायला बांधलेली परांची कोसळली आणि तिथंच मजुरी करणाऱ्या जिवनबाईचा नवरा खाली उभ्या असलेल्या सळयांवर पडला. एक सळई बरगडीतून शिरून पाठीतून बाहेर आली. त्याला उचलावं कसं, हेच कुणाला कळेना. शेवटी कटर लावून सळई बुडातून कापली आणि तशीच अंगात घेऊन त्याला गाडीत घातलं. ठेकेदार अफसाना त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. हिंगोली यायच्या आतच ते डोकं जड झालं.

वडिलांच्या मागं अफसानानं हा धंदा हिमतीनं ओढला होता, पण त्या दिवसानंतर तिला नीट झोप लागेना. महिनाभरानं तिनं सगळ्या कामगारांना गोळा केलं. म्हणाली, "आता शिकल्याबिगर माझ्या कामावर कुणी वर चढणार न्हाई. परांची, शटरिंग, गवंडीकाम, ज्याला जे पायजे ते शिका. सरकारी परीक्षा हाय, सर्टिफिकेट भेटतं. फी मी भरते. शिकायच्या दिवसाची हजेरी बी बराबर देते."

पहिलं नाव जिवनबाईनं दिलं. शिकवायला आलेले किशनराव म्हातारे गवंडी होते. ते म्हणाले, "बाई, गवंडीकाम घे. परांची काहून?"

"ज्यानं माझा माणूस खाल्ला, ते मला बांधता आलं पायजे," ती म्हणाली. किशनरावांनी तिचं नाव परांचीच्या यादीत लिहिलं.

ही सगळी माणसं डोंगरकडा गावाजवळच्या एका तांड्यावरची. त्यांना कामावर आणायचा नेमसिंग मुकादम, तोही त्याच तांड्याचा. कोणी कुठल्या ठेकेदाराकडं जायचं, कुणी घरी बसायचं, हे तोच ठरवायचा. शिकवणी सुरू झाल्याचं कळताच तो अफसानाकडं आला.

"आपा, हे बंद करा."

"काहून?"

"कागद हातात आला की हे लोक माझं ऐकतेत का? नांदेडला जातील, पुण्याला जातील. मी काय करू मग?"

"तू बी शीक, नेमसिंग. तुझी बी फी भरते मी."

तिनं हे मनापासून म्हटलं होतं. नेमसिंगला मात्र ते तोंडावर थुंकल्यासारखं लागलं. "बाईमाणूस हायेस म्हणून गप हाये," एवढंच बोलून तो गेला.

दोन दिवसांनी भरदुपारी तो पाच-सहा जण घेऊन आला. मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये किशनराव पाइपाला पाइप जोडायची क्लिप दाखवत होते. पहिली काठी त्यांच्याच तोंडावर बसली. ते भिंतीला धडकून खाली सरकले आणि ओठातून रक्ताबरोबर दोन दात बाहेर पडले. बाया ओरडत जिन्याकडं पळाल्या. एकानं सिमेंटच्या गोण्या फाडल्या. धुरळा इतका उठला की कोण कुणाला मारतंय ते दिसेना, नुसता काठ्यांचा आवाज येत राहिला.

जिवनबाई पळाली नाही. हातात पाना घट्ट धरून उभी होती. नेमसिंगनं तिचे केस धरून तिला खाली पाडलं.

"लई शिकायचंय तुला? ह्याच हातानं बांधणार न्हवं?"

त्यानं तिचा उजवा हात फरशीवर दाबला, वर पाय दिला आणि हातोडा घातला. एकदा. मग पुन्हा. बोटं फुटल्याचा आवाज हॉलच्या दारात पोचलेल्या अफसानानं ऐकला. तिनं समोरचं फावडं उचललं आणि नेमसिंगच्या पाठीत हाणलं. तो कोलमडला.

तेवढ्यात जिवनबाईचा भाऊ सेवा वरच्या मजल्यावरून धावत आला. त्यानं बहिणीचा हात बघितला. लोखंडी पाइप उचलून त्यानं नेमसिंगच्या गुडघ्यावर मारला, मग खांद्यावर, मग तोंडावर. नेमसिंगची माणसं काठ्या टाकून पळाली. नेमसिंग पडला होता, हात वर करून "न्हाई रे, न्हाई" म्हणत होता, तरी पाइप थांबला नाही. त्याचा एक डोळा रक्तात गेला.

"मरून राहिला तो! सोड!" अफसाना ओरडली आणि सरळ नेमसिंगवर आडवी पडली. खाली येणारा पाइप तिच्या खांद्यावर बसला. तिची किंकाळी ऐकून सेवा भानावर आला. पाइप टाकून तो तिथंच बसला.

नेमसिंग वाचला, पण डोळा गेला. पोलीस अफसानाकडं आले तेव्हा तिनं जे घडलं ते सांगितलं. हातोडा कुणी घातला ते सांगितलं, आणि नेमसिंग खाली पडल्यावर सेवानं त्याला किती मारलं तेही. नेमसिंगवर गुन्हा दाखल झाला. सेवाला त्याच संध्याकाळी उचललं.

जिवनबाईच्या हाताचं ऑपरेशन झालं. अफसाना गळ्यात हात बांधून भेटायला गेली तर जिवनबाईनं भिंतीकडं तोंड केलं.

"पडल्यावर मारलं, हे सांगायची काय गरज होती आपा?"

"पडल्यावरच मारलं ना गं."

"माझा भाऊ हाय त्यो."

"ठाऊक हाय. वकील लावलाय मी त्याला. पण खोटं कसं बोलू? उद्या नेमसिंगचा वकील विचारंल, तवा तुझ्या हाताचं खरं बी कुणी मानणार न्हाई."

अफसाना बराच वेळ बसली आणि उठून गेली.

किशनराव मात्र सूज उतरताच हॉलमध्ये परत आले. दात गेल्यामुळं त्यांचं बोलणं फसफस यायचं, पण शिकवणं त्यांनी सोडलं नाही. निम्मी माणसं भीतीनं तांड्यावर परतली होती. हाताचं प्लास्टर निघताच उरलेल्यांत जिवनबाई येऊन बसली. अफसानाकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. दोन बोटं आता वळत नव्हती. ती डाव्या हातानं पाना फिरवायला शिकली. पाना निसटायचा, अंगठा सोलायचा, ती शिवी हासडून पुन्हा लावायची.

परीक्षा घ्यायला नांदेडहून साहेब आले. जिवनबाईनं बांधलेल्या परांचीवर ते स्वतः चढले, मधोमध उभं राहून दोनदा जोरात उडी मारली. परांची जागची हलली नाही. साहेब उतरले आणि पास म्हणाले.

जिवनबाई तिथंच जमिनीवर बसली आणि मोठ्यानं रडली, नवरा गेल्यावरही ती अशी रडली नव्हती. अफसाना तिच्याजवळ बसली. पाठीवर हात ठेवावा की नाही ते तिला कळेना.

बऱ्याच वेळानं जिवनबाईनं नाक पुसलं. "आपा, पुढली ब्याच कधी हाय?"

"दिवाळीनंतर."

"सेवाचं नाव घ्या त्याच्यात."

"तो अजून जेलात हाय गं."

"सुटंल की. तवर जागा धरून ठेवा."

"धरते," अफसाना म्हणाली.