बारीक तार

तारापूरच्या कारखान्यातली रात्रपाळी उरकून, दोन तास कशीबशी डुलकी काढून प्रदीप पालघरला निमेशच्या वाद्यांच्या दुकानात पोचला, तेव्हा त्याची थोरली बहीण चंद्रकांता स्टुलावर बसून पेंगत होती. बोईसरच्या बाजारात अर्धी पाटी विकून उरलेली मासळी तिने जावेकडे सोपवली होती. दोघांच्या अंगात मिळून एका माणसाचंही त्राण नव्हतं. पण रविवारी वाणगावला एका हळदीत दोघांचं गाणं-बजावणं होतं आणि प्रदीपच्या बेस गिटारची मान वाकली होती. नवी घेतल्यावाचून सुटका नव्हती.

"चार तारांची देऊ की पाच?" निमेशने विचारलं.

प्रश्न गिटारचा नव्हताच, बहिणीच्या गळ्याचा होता. वीस वर्षं चंद्रकांता हळदीची गाणी पांढरी तीनमध्ये गात आली. बाजारात ओरडून ओरडून गळा बसला, आवाज खाली उतरला. पट्टी खाली, पांढरी एकवर आण, असं ती वर्षभर सांगत होती. पण तिथे त्याच्या चार तारांच्या गिटारचा तळ संपायचा, बेस पोकळ वाजायचा आणि प्रदीप उस्तादांना ते कसं खपणार! 'बाय, जरा रेट,' तो म्हणायचा. मग उमरोळीच्या मांडवात भर मुखड्यात तिचा आवाज फाटला. लोक हसले. ती पाणी प्यायली आणि पुन्हा गायली. त्या दिवसापासून प्रदीपला स्वतःची लाज वाटत होती.

त्याने पाच तारांची उचलली. खालचा सूर असा घुमला की काचेचं कपाट थरथरलं. पण मान रुंद. वर्षानुवर्षं कारखान्यातले व्हॉल्व्ह फिरवून त्याची दोन बोटं आखडलेली. दुसऱ्या गाण्यालाच हाताला पेटका आला.

चंद्रकांता उठली. "ठेव ती. तुजे हाताला झेपाची नाय. चारचीच घे. मी रेटीन अजून एक साल."

"किती रेटशील, बाय? गळा फाडून घ्यायचा हाय काय?"

"मंग काय करू? तुजा हात मोडू?"

प्रदीप खुर्चीत बसला. पेटका आलेली बोटं चोळत राहिला. मग म्हणाला, "निमेशभाय, चारचीच दे. पन तारा पाचच्या संचातल्या लाव. जाड चार, खालच्या सुराला. बारीक नको."

"तारा बसायच्या खाचा कानशीने रुंद कराव्या लागतील," निमेश म्हणाला. "आणि बारीक तार गेली, तर वरच्या जागा जातील."

ते प्रदीपला कुणी सांगायला नको होतं. दोन कडव्यांच्या मध्ये तो त्या बारीक तारेवर सरसर चढायचा आणि अख्खा मांडव शिट्ट्या मारायचा. पंचक्रोशीत त्याचं नाव होतं ते तेवढ्यासाठीच.

तासाभराने गिटार तयार झाली. प्रदीपने पांढरी एकचा सूर धरला. "गा."

"हितं? दुकानात?"

"गा गं."

ती गायली. मान न ताणता, कपाळाला आठी न घालता. वर्षभरात पहिल्यांदाच तिचा आवाज कुठे अडला नाही. कडवं संपलं. सवयीने ती थांबली, भावाच्या चढत्या सुरांची वाट बघत. तो खालचाच सूर वाजवत राहिला.

"आन् तुजी शिट्टीची जागा?" तिने विचारलं.

"तवा तू दम घे," प्रदीप म्हणाला.

चंद्रकांताने पदर डोळ्यांना लावला, मग दम घेतला आणि दुसरं कडवं धरलं.