बंड्याची गटारी

दुबईत करामात राहणाऱ्या सोमनाथ राण्यांनी लेकीच्या हट्टापायी सापाचं पिल्लू घेतलं आणि त्याचं नाव बंड्या ठेवलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, आठवड्याला उंदराचं एकच पिल्लू द्या, जास्त खाऊन लठ्ठ झाला तर जगायचा नाही.

तेवढ्यात श्रावण तोंडावर आला.

"महिनाभर या घरात मांसाहार नाही," त्यांच्या बायकोनं, अनुराधानं जाहीर केलं.

"अगं, तो साप आहे."

"असू दे. तुम्ही मासेखाऊ राणे असून श्रावण पाळताच ना?"

सोमनाथांचं काळीज गलबललं. महिनाभराची बेगमी म्हणून गटारीला त्यांनी स्वतः सुरमई चापली आणि बंड्याला उंदराची चार पिल्लं चारली.

"बाबा, धिस इज नॉट ओके," शुभ्रा म्हणाली.

सकाळी बंड्या हलेना. सोमनाथ त्याला चपलांच्या खोक्यात घालून धावत दवाखान्यात गेले. मल्याळी डॉक्टरांनी हकीकत ऐकली आणि बंड्याला काट्यावर ठेवून विचारलं, "चार? क्यूं?"

"हमारा त्योहार था."

"बच जाएगा. लेकिन अब तीन हफ्ते खाना खलास. सिर्फ पानी."

सोमनाथांनी तिथूनच घरी फोन लावला. अनुराधानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"केरळचे असून श्रावण पाळायला लावतात," ती म्हणाली. "शिका काहीतरी."